रवा, वारा आणि शिंपले

ज्या पदार्थांना आपण साधे म्हणतो, त्यांच्या साधेपणाची नीट चौकशी केली तर बहुधा असे आढळून येते की, तो साधेपणा कोणा एका आचाऱ्याच्या मर्जीने ठरलेला नसून अनेक पिढ्यांची टंचाई, धर्माज्ञा, जकाती आणि हवापाणी यांनी मिळून तो घडविलेला असतो. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावरील नेपल्स शहरात घरोघर रांधला जाणारा ‘स्पॅगेटी आल्ले व्होंगोले’ हा पदार्थ या वर्गात मोडतो. कठीण गव्हाच्या रव्याची लांब, सुकविलेली स्पॅगेटी, वाळूतले शिंपले, लसूण, ऑलिव्हचे तेल, मूठभर पार्सली आणि फार तर चार-दोन लहान टोमॅटो, एवढाच त्याचा सरंजाम. आणि शिंपल्यांची वाळू काढण्याचा वेळ सोडला तर अर्ध्या तासात तो सिद्ध होतो. परंतु या सरंजामातील जवळजवळ प्रत्येक जिन्नस त्या शहरात निरनिराळ्या शतकांत, निरनिराळ्या वाटांनी आणि बहुतेक वेळा गरजेपोटी येऊन दाखल झाला आहे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून खाली झिरपलेले हे अन्न नव्हे. ते बाजारातून आणि किनाऱ्यावरून वर चढत गेले, आणि या पदार्थाचा इतिहास लिहायचा तर तो याच दिशेने लिहिला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

सुकविलेल्या पास्त्याची सर्वांत जुनी भरवशाची हकीकत नेपल्समधली नव्हे, सिसिली बेटातली आहे. त्या बेटावर नॉर्मन राजा दुसरा रॉजर याचा अंमल असताना अल-इद्रिसी नावाचा अरब भूगोलज्ञ त्याच्या दरबारी होता, आणि त्याने ११५४ साली पूर्ण केलेल्या आपल्या भूवर्णनाच्या ग्रंथात पालेर्मोच्या पूर्वेस असलेल्या त्राबिया या गावाविषयी लिहून ठेवले आहे. बारमाही वाहते पाणी, त्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या, आणि भोवती सुपीक मळे असलेल्या या गावी ‘इत्रिया’ नावाचे शेवयांसारखे अन्न इतक्या मुबलक प्रमाणात तयार होत असे की कालाब्रियात आणि त्याखेरीज मुसलमानी व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत गलबतेच्या गलबते भरून ते रवाना होई. इद्रिसीने येथे एखाद्या घरगुती पक्वान्नाची नव्हे, तर एका उद्योगाची आणि निर्यातीची नोंद केली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जो पदार्थ गलबतावर चढतो तो टिकाऊ असलाच पाहिजे. आणि टिकाऊपणा हाच या पास्त्याचा मूळचा गुण होय. दमट हवेत पिठाला कीड लागते, भाकर बुरसते, परंतु खडखडीत वाळलेला रवा महिनोन्‌महिने तसाच राहतो. खलाशाच्या शिधासामुग्रीत त्याला जागा मिळाली ती चवीमुळे नव्हे, याच गुणामुळे.

व्हेनिसच्या मार्को पोलोने चीनमधून हा पदार्थ इटलीत आणला, ही समजूत आजही पुष्कळ ठिकाणी प्रचलित आहे, आणि तिचा निकाल एका जुन्या दस्तऐवजाने परस्पर लावून टाकला आहे. मार्को पोलो १२९५ साली मायदेशी परतला. परंतु जेनोआ शहरातील एका नोटरीने १२७९ साली एका मृत सैनिकाच्या चीजवस्तूंची जी यादी केली, तिच्यात मॅकरोनीने भरलेल्या एका पेटीची नोंद आहे. वारसाहक्काच्या यादीत ज्या वस्तूचा समावेश करणे एखाद्या दक्ष कारकुनाला अगत्याचे वाटले, ती वस्तू मौल्यवान तर होतीच, परंतु सर्वांच्या परिचयाचीही होती. मार्को पोलोच्या कथेला जोर चढला तो विसाव्या शतकात अमेरिकेतील पास्ता-व्यापाऱ्यांच्या एका नियतकालिकातून. इतिहासाशी तिचा संबंध नाही.

या सर्व व्यापाराच्या मुळाशी गव्हाची एक विशिष्ट जात आहे. भाकरी-पावाचा मऊ गहू दळला की त्याचे पांढरे, मुलायम पीठ होते. उलट ड्युरम जातीचा कठीण गहू जात्याखाली फुटला की त्याचा पिवळसर, कणीदार रवा पडतो. आपल्याकडे बन्सी म्हणून जो गहू ओळखला जातो तो याच जातीचा, आणि आपल्या सुगरणी शेवयांसाठी त्याचाच रवा का पसंत करीत आल्या, हे ज्यांनी पाटावर शेवया ओढल्या आहेत त्यांना निराळे सांगायला नको. या रव्यात पाणी घालून तो दीर्घकाळ मळला असता त्यातील ग्लुटेनची जी घट्ट वीण तयार होते, ती पुढे उकळत्या पाण्यातही सुटत नाही. शिजल्यानंतरही दाताखाली किंचित प्रतिकार करणारा तो जो कस इटालियन माणसाला प्राणप्रिय वाटतो, त्याचे मूळ या विणीत आहे. सिसिली, पुलिया, कालाब्रिया या उन्हाच्या आणि कमी पावसाच्या प्रदेशांत हा गहू पिके. तो कमी पडू लागला तेव्हा एकोणिसाव्या शतकात काळ्या समुद्रापलीकडील तागनरोग बंदरातून रशियाचा कठीण गहू जहाजांनी येऊ लागला, आणि पहिल्या महायुद्धाने व रशियन क्रांतीने तो बंद पाडला तोपर्यंत नेपल्सच्या उपसागरावरील पास्त्याचे नामांकित कारखानदार तागनरोगच्या गव्हाची जाहिरात मोठ्या अभिमानाने करीत असत.

आज नेपल्स आणि पास्ता हे दोन शब्द एकमेकांवाचून सुचत नाहीत. परंतु सोळाव्या शतकात नेपल्सच्या लोकांना शेजारपाजारचे लोक ‘पालेखाऊ’ म्हणत, आणि ‘मॅकरोनीखाऊ’ ही पदवी सिसिलीवासियांकडे होती. कोबीवर्गातील हिरव्या भाज्या मांसाच्या तुकड्याबरोबर शिजवायच्या, हा नेपल्सच्या रयतेचा नित्याचा आहार. इतिहासकार एमिलिओ सेरेनी याने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या एका दीर्घ निबंधात हा आहार कसा आणि का पालटला याचे जे विवेचन केले आहे, ते अन्नाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. सतराव्या शतकात नेपल्स ही स्पेनच्या राजाच्या अमलाखालची, त्याच्या व्हाइसरॉयच्या कारभाराने गांजलेली, आणि युरोपातील सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक अशी राजधानी होती. खेड्यापाड्यांतून माणसे शहरात लोटत होती. मांसाचा पुरवठा त्या प्रमाणात वाढत नव्हता. भाजीपाल्याची वाहतूक आणि त्यावरची जकात जड होत होती. १६४७ साली फळांवर जकात बसविण्यात आली तेव्हा बाजारचौकात जो उठाव झाला त्याचा पुढारी मासानिएल्लो हा मासळी विकणारा तरुण होता. त्याची सत्ता दहा दिवसांत संपली आणि त्याचा खूनही झाला. परंतु त्या उठावाकडे पाहिले की शहरातील सामान्य माणसाचे पोट किती निकराला आले होते, याची कल्पना येते. त्यानंतर नऊ वर्षांनी, १६५६ साली, प्लेगाच्या महामारीने शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती कापून काढली.

अशा काळात स्वस्त, टिकाऊ आणि पोटभरीचे अन्न म्हणून पास्ता पुढे आला, आणि तो पुढे येऊ शकला याचे कारण यंत्र. कणीक मळण्यासाठी लांब लाकडी तुळईचे यंत्र वापरात आले. तुळईच्या मोकळ्या टोकावर तीन-चार माणसे ओळीने बसत आणि एका तालात उठत-बसत तिच्या दाबाने रव्याचा गोळा मळीत. मळलेला गोळा मग नळकांड्यात घालून, मोठ्या स्क्रूच्या साह्याने छिद्रे पाडलेल्या धातूच्या तबकडीतून रेटला जाई, आणि खालून शेकडो सूत्रे एकदम बाहेर पडत. पूर्वी जे काम हाताने तासन्‌तास चाले ते या दाबयंत्राने झटपट होऊ लागले, आणि एके काळी श्रीमंतांच्या पंगतीत साखर-दालचिनी भुरभुरून वाढला जाणारा पदार्थ हमालाच्या आणि कोळ्याच्या आवाक्यात आला.

या उद्योगाचे खरे माहेरघर नेपल्सच्या आग्नेयेस, व्हेसुव्हियसच्या पलीकडे, लात्तारी डोंगरांच्या पायथ्याशी असलेले ग्रान्यानो. तेथील दरीत डोंगरातून येणाऱ्या झऱ्यांवर मध्ययुगापासून पाणचक्क्या चालत, आणि ती दरी गिरण्यांची दरी म्हणूनच आजही ओळखली जाते. बंदर म्हणून जवळचे तोर्रे आन्नुन्झियाता. तेथे गव्हाची जहाजे लागत आणि पुढे तेथेही पास्त्याचे कारखाने उभे राहिले. ग्रान्यानोचा लौकिक मात्र गव्हापेक्षाही हवेवर उभा राहिला. समुद्रावरून दिवसा वर येणारा दमट वारा आणि डोंगरावरून उतरणारा कोरडा वारा या गावात आळीपाळीने वाहतात. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गावाचा मुख्य रस्ता जेव्हा नव्याने आखण्यात आला तेव्हा वाऱ्याला आडकाठी होऊ नये आणि उन्हाची वाट मोकळी राहावी, अशा बेताने तो रुंद आणि सरळ केला गेला. त्या काळची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेताच्या काठ्यांवर टांगलेल्या पास्त्याचे पडदेच्या पडदे दिसतात, आणि त्यांच्यामधून कामकरी आणि पोरे वाट काढीत चाललेली दिसतात.

हे सुकविणे म्हणजे नुसते उन्हात टाकणे नव्हते, आणि या व्यवसायातील सर्वांत नाजूक ज्ञान येथेच होते. काठ्यांवरची ओली सूत्रे प्रथम काही वेळ उन्हात ठेवीत, म्हणजे बाहेरचा भाग कागदासारखा कडक होई. मग ती तळघरात किंवा दमट, गार खोल्यांत नेत. तेथे आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या कवचापर्यंत पोहोचे आणि कडक झालेली सूत्रे पुन्हा मऊ पडत. त्यानंतर सावलीत, वारा खेळता असलेल्या जागी, अनेक दिवस मंदपणे त्यांचे अखेरचे वाळणे चाले. पहिली पायरी लांबली तर पास्ता तडकत असे, दुसरी लांबली तर आंबत असे, आणि तिसरीत घाई झाली तर वरून निर्दोष दिसणारा माल पाण्यात पडताच तुटून त्याचे तुकडे होत. म्हणून कारखान्याचा मुख्य कारागीर पहाटे उठून आधी आकाश पाही. आफ्रिकेकडून येणारा उष्ण, ओलसर सिरोक्को वाहणार की उत्तरेचा कोरडा त्रामोन्ताना, हे ओळखून त्याप्रमाणे तो कणकेतले पाणी कमी-जास्त करवी, आणि कोणती काठी कोणत्या खोलीत किती वेळ राहील याचा हुकूम देई. हे ज्ञान कोणत्याही पाठशाळेत मिळत नव्हते. बापाकडून मुलाकडे ते येई. १८४५ साली बोर्बन राजा दुसरा फर्डिनांड याने दरबाराला लांब पास्ता पुरविण्याचा मान ग्रान्यानोच्या कारखानदारांना दिला असे गावात सांगतात. परंतु मला त्या सनदेपेक्षा पहाटे वाऱ्याचा अंदाज घेणाऱ्या त्या अशिक्षित कारागिराचे महत्त्व अधिक वाटते.

शहरात हा माल खपे तो मुख्यतः रस्त्यावर. जर्मन कवी गटे १७८७ साली नेपल्सला आला तेव्हा मॅकरोनी जागोजाग, अल्प किमतीत, नुसती पाण्यात उकडून वर किसलेले चीज घालून मिळत असल्याचे त्याने टिपून ठेवले. मोठ्या हंड्यातून लाकडी काठीने उचललेली वाफाळती सूत्रे गिऱ्हाईक हातातच घेई आणि मान मागे टाकून वरून तोंडात सोडी. परदेशी प्रवाशांना हे दृश्य इतके नवलाचे वाटे की एकोणिसाव्या शतकात त्याची चित्रे आणि छायाचित्रे विक्रीस ठेवण्याचा एक धंदाच झाला. मातिल्दे सेराओ या लेखिकेने १८८४ साली ‘नेपल्सचे उदर’ अशा अर्थाच्या नावाचे जे पुस्तक लिहिले, त्यात त्या गल्ल्यांतील मॅकरोनी-विक्रेत्यांचे आणि दोन-चार पैशांत पोट भरणाऱ्या कष्टकऱ्यांचे वर्णन आहे; परंतु ते प्रवाशाच्या कौतुकाने नव्हे, दारिद्र्याच्या चिडीने लिहिलेले आहे, आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय आहे.

आता शिंपल्यांकडे वळू. नेपल्सच्या उपसागरातील उथळ वाळूत मिळणारा, करड्या कवचावर आडव्या-उभ्या बारीक रेषांची जाळी असलेला शिंपला तेथे ‘व्होंगोला व्हेराचे’ म्हणून मान पावतो. आपल्या कोकणातल्या तिसऱ्या ज्या प्राणिकुळातल्या, त्याच कुळातला हा. कवचातून बाहेर येणाऱ्या त्याच्या दोन नळ्या मुळापर्यंत एकमेकींपासून सुट्या असतात, आणि जाणता विक्रेता परातीतल्या पाण्यात त्या सुट्या नळ्या दाखवूनच माल अस्सल असल्याची खात्री पटवितो. सांता लुचियाच्या जुन्या कोळीवाड्यात कालवे आणि शिंपले विकणाऱ्यांची ओळच्या ओळ समुद्राकाठी बसत असे. गरिबाला हा माल परवडे, कारण त्यात भांडवल नव्हते. वाळू खणण्याची मेहनत तेवढी होती.

या दोन स्वस्त वस्तूंना एकत्र आणण्याचे काम बऱ्याच अंशी चर्चने केले, असे मी मानतो. कॅथलिक पंचांगात शुक्रवार, चाळीस दिवसांचा लेंटचा काळ आणि मोठ्या सणांच्या पूर्वसंध्या मिळून वर्षातील शंभराहून अधिक दिवस मांसवर्ज्य असत. त्या दिवशी मासळी चाले, आणि कडक पाळणुकीच्या काळी दूध-चीजही वर्ज्य होई. मॅकरोनीवर एरवी पडणारा चीजचा सडा अशा दिवशी बंद पडला की तिला चव द्यायची कशाने, हा प्रश्न नेपल्सच्या गृहिणीसमोर असे. आणि त्याचे उत्तर तेल, लसूण आणि समुद्र यांतच शोधावे लागे. मासळीच्या पास्त्यावर चीज घालू नये, हा आजही कटाक्षाने पाळला जाणारा शिरस्ता काहींना निव्वळ रसिकतेचा वाटतो, आणि शिंपल्याची नाजूक खारट चव चीजखाली दडपून जाते हे खरेही आहे. परंतु या शिरस्त्यामागे व्रतस्थ पंचांगाचाही हात असावा असे मला वाटते. ख्रिसमसच्या पूर्वरात्री नेपल्सच्या घराघरांत हाच पदार्थ प्रथम वाढला जातो. त्यामागून तळलेली वाम आणि खारवलेला कॉड येतात.

लेखी पाकशास्त्रात हे दोन जिन्नस शेजारी आले ते कावालकांतीच्या ग्रंथात. इप्पोलितो कावालकांती हा बुओनव्हिचिनोचा ड्यूक. त्याचे पाकशास्त्र १८३७ साली नेपल्सला प्रथम छापले गेले. ग्रंथाचा मुख्य भाग उमरावांच्या मेजवान्यांसाठी शिष्ट इटालियनमध्ये लिहिलेला. परंतु त्याला जोडून शहरातील सामान्य घरांच्या स्वयंपाकाची एक पुरवणी आहे, आणि ती चक्क नेपल्सच्या बोलीत आहे. ज्याने फ्रेंच धाटणीच्या पक्वान्नांत आयुष्य घालविले त्या सरदाराला घरगुती स्वयंपाक त्याच्याच भाषेत उतरवावा असे वाटले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. वर्मिचेल्ली आणि शिंपले यांची जोडी त्याने नोंदविली आहे, आणि पास्त्याबरोबर टोमॅटोही त्याच्या पानांतून स्थिर झालेला दिसतो. टोमॅटोचा रस तत्पूर्वी दीडशे वर्षे, म्हणजे १६९२ ते १६९४ दरम्यान नेपल्समध्येच छापलेल्या अंतोनियो लातीनीच्या ग्रंथात, ‘स्पॅनिश तऱ्हेचा’ म्हणून येऊन गेला होता. परंतु मेक्सिकोकडच्या या फळाला मॅकरोनीच्या ताटापर्यंत पोहोचायला इतका काळ जावा लागला. शिंपल्यांच्या पास्त्यात टोमॅटो असावा की नसावा, यावर नेपल्समधील घरांत आजही दोन पक्ष आहेत. माझा कल नसण्याकडे आहे.

ज्या दिवशी शिंपलेही घेणे परवडत नसे त्या दिवशीची तोड गरिबांनी काढून ठेवली होती. लसूण, तेल, टोमॅटो आणि भरपूर पार्सली हा सगळा मसाला तसाच करायचा, शिंपले मात्र त्यात नाहीत. आणि या ताटाला नाव द्यायचे ‘पळून गेलेल्या शिंपल्यांची स्पॅगेटी’. नाटककार एदुआर्दो दे फिलिप्पो याच्याशी या नावाचा संबंध जोडणारी आख्यायिका नेपल्समध्ये प्रसिद्ध आहे. नाव कोणी का दिले असेना, रिकाम्या परातीसमोर उभे राहून घरच्या माणसांना हसतमुखाने जेवू घालणाऱ्या बायकांची धीरोदात्त वृत्ती त्यात आहे.

प्रत्यक्ष रांधण्याची रीत या साऱ्या इतिहासाला धरूनच आहे. शिंपले समुद्राच्या पाण्याइतक्या खाऱ्या पाण्यात, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ घालून, काही तास अंधारात ठेवतात. त्या अवधीत ते स्वतःच वाळू बाहेर टाकतात. मग एकेक शिंपला लाकडी पाटावर हलकेच आपटून पाहतात, कारण आत जीव नसून नुसता गाळ भरलेला एक शिंपला सगळे पातेले वाळूचे करून सोडतो. कोकणात तिसऱ्या विळीवर कच्च्याच उघडून मांसाची एक शिंपी ठेवतात व दुसरी टाकून देतात. नेपल्सला त्या उघडण्याचे काम आचेकडे सोपविलेले आहे. तेलात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या गुलाबीसर झाल्या की शिंपले त्यात टाकून वर झाकण ठेवतात, दोन-तीन मिनिटांत ते उघडतात, न उघडलेले वेचून फेकतात, आणि खाली जे खारट, दुधाळ पाणी सुटते ते पातळ फडक्यातून गाळून जपून ठेवतात. खरा रस तो हाच. स्पॅगेटी पुरती शिजण्यापूर्वी दोन मिनिटे वेळून, तिचे थोडे पिष्टमय पाणी राखून, ती शिंपल्यांच्या कढईत येते आणि उरलेले शिजणे त्या रसात होते. पिष्टाचे पाणी, तेल आणि शिंपल्यांचा रस कढईच्या सततच्या हालचालीने एकजीव होऊन प्रत्येक सूत्रावर जे पातळ, चकचकीत लेपण चढते, त्यासाठी मलईची किंवा मैद्याची गरज नसते; आणि जो पास्ता खरखरीत पृष्ठाचा, म्हणजे ब्राँझच्या तबकडीतून काढलेला असेल, त्यावरच हे लेपण नीट धरते. ग्रान्यानोचे कारखानदार आजही ब्राँझच्या तबकड्यांचा आग्रह धरतात तो याचसाठी, आणि २०१३ साली युरोपीय संघाने त्या गावाच्या नावाला जे संरक्षण दिले त्याच्या अटींत ही तबकडीही आहे.

विसाव्या शतकाने या व्यवसायाचा चेहरामोहरा पालटला. कृत्रिम रीतीने गरम हवा खेळवून पास्ता वाळविण्याची यंत्रे आली तेव्हा ग्रान्यानोच्या वाऱ्याची मक्तेदारी संपली. पाऊसधुक्याच्या उत्तरेकडेही बारमाही उत्पादन शक्य झाले. १९३३ साली पार्मा येथील ब्राईबांती बंधूंनी मळण्यापासून सूत्रे काढण्यापर्यंतची सर्व कामे अखंड करणारे यंत्र सिद्ध केले, आणि उद्योगाचा गुरुत्वमध्य हळूहळू उत्तरेकडे सरकला. त्याच सुमारास, १९३० सालच्या डिसेंबरात, मारिनेत्ती या भविष्यवादी कवीने तुरीनच्या एका वृत्तपत्रातून पास्त्याविरुद्ध जाहीरनामा काढून हे अन्न राष्ट्राला सुस्त आणि निराश बनविते असा आरोप केला. नेपल्सने तो मनावर घेतला नाही. कठीण गव्हाच्या रव्याखेरीज अन्य पिठाचा सुका पास्ता इटलीत विकता येणार नाही, असा कायदा मात्र १९६७ साली झाला, आणि तो त्या जुन्या गव्हाचा खरा सन्मान होता.

शिंपल्यांच्या वाट्याला अधिक कठीण दिवस आले. १८८४ च्या पटकीच्या साथीनंतर सरकारने शहराच्या शुद्धीकरणाची मोठी योजना हाती घेतली. त्या काळातल्या पाडापाडीत आणि समुद्र मागे हटवून केलेल्या भरावात सांता लुचियाचा जुना किनारा आणि तेथील कालवविक्रेत्यांची वसाहत नाहीशी झाली. पुन्हा १९७३ च्या ऑगस्टअखेर नेपल्समध्ये पटकी उद्भवली, संशय कच्च्या शिंपल्यांवर आला, आणि सांता लुचियासमोरची कवचधारी मासळीची शेती उखडून टाकण्यात आली. मागाहून दोषाचा रोख ट्युनिशियातून आयात केलेल्या मालाकडे वळला, तोपर्यंत स्थानिक धंद्याचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. आज व्होंगोले शुद्धीकरण केंद्रातून, जाळीच्या पिशवीत, उगमाची चिठ्ठी लावून बाजारात येतात. जुन्या पिढीला ही बंधने जाचक वाटली असतील, परंतु त्यांच्यामुळेच हे अन्न वाचले आहे.

आणि ताटातला शिंपलाही आता बहुधा तो जुना नाही. १९८३ साली व्हेनिसच्या खाजणात फिलिपाइन्सकडचा, झपाट्याने वाढणारा शिंपला मुद्दाम सोडण्यात आला. तेथून पो नदीच्या मुखापर्यंत, गोरोच्या खाजणापर्यंत त्याची शेती पसरली आणि इटली युरोपातील सर्वांत मोठा शिंपले-उत्पादक देश बनला. त्याच्या नळ्या तळाशी जुळलेल्या असतात; चवीतही तो थोडा उणा पडतो असे जाणकार म्हणतात. तरीही त्याला परका ठरविणे मला पटत नाही. ज्या ताटात अरबांच्या काळातली शेवई, मेक्सिकोकडचा टोमॅटो आणि तागनरोगचा गहू सामावला, त्या ताटाला पूर्वेकडचा शिंपला जड जाण्याचे कारण नाही. संकट निराळ्याच बाजूने आले: अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा निळा खेकडा एड्रियाटिकमध्ये शिरला होता, आणि २०२३ साली पोच्या मुखाशी त्याची पैदास इतकी वाढली की शिंपल्यांच्या पिल्लांचे वाफेच्या वाफे त्याने फस्त केले. गोरोच्या मच्छीमार कुटुंबांनी जाळ्यांची कुंपणे घालून उरलेली शेती राखण्याचा प्रयत्न चालविला आहे, आणि त्याच जाळ्यांत सापडणारा निळा खेकडा त्यांनी बाजारात आणल्यापासून लसूण-तेलाच्या त्याच कढईत, त्याच स्पॅगेटीबरोबर, तोही शिजू लागला आहे.